डोक्याचं अक्षर

सकाळचा चहा ओतून झाला, की बुरुलकान फोन साखरेच्या वाडग्याला टेकवून उभा करायची आणि त्यात स्वतःचं नाव बघायची. तिच्या वयाच्या बायका आरसा टाळतात. आरसा तिनंही केव्हाच पाठमोरा करून टाकला होता. पण नावाला सुरकुत्या पडत नाहीत. कारखान्याच्या साइटवर, पहिल्याच पानावर, लाल-काळ्या शिरदाकाच्या, नमद्याच्या गालिच्याच्या, फोटोवर ते आडवं पसरलेलं असे, झाडून सगळी अक्षरं मोठी: बुरुलकान आपा, जनतेची उस्ताद. ते वाचावं लागत नसे. वाचणं तसं तिचं अर्धवटच, चार इयत्तांचं, आणि त्या चारही कुरणावर मेंढ्यांमागे फिरता फिरता झालेल्या. बारीक अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पांगत. मोठी मात्र जागच्या जागी उभी राहत, आणि तीही चहा निवेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राही. आज ती अक्षरं तिथं नव्हती. फोटो होता, शिरदाक होता, आणि त्यावर एका कोपऱ्यात मुंग्यांची एक रांग. तिनं आधी काच बाहीनं पुसली. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली. पहिलं तेवढं मोठं, बाकीची त्याच्यामागे खाली मान घालून. आणि 'उस्ताद' तर पहिल्यापासूनच बारीक. लोकर, झाडू, बादली या शब्दांच्या उंचीचा.

मोठ्या अक्षराला किरगिझीत डोक्याचं अक्षर म्हणतात. वाक्याला एक डोकं, नावाला एक डोकं, असं घोकत शाळेतली बाई तंबूच्या खांबाला टांगलेल्या फळ्यावर खडू आपटायची. बुरुलकान सगळंच मोठं लिहायची. मेंढ्यांच्या पाठीवर, लोकरीच्या पोत्यांवर, सरकारी ट्रकांवर तिनं तेवढंच पाहिलेलं, आणि ते तिला खरं वाटायचं. बाईनं तिच्या पेरांवर पट्टी मारली आणि म्हणाली, "सगळ्यांनाच डोकी दिलीस, तर धड कोण होणार गं?" अख्खा तंबू हसला होता. सात वर्षांची बुरुलकान दुखरी बोटं तोंडात धरून बसली. त्या चार इयत्तांतलं तिला पुढे काहीच उपयोगी पडलं नाही, हे एक सोडून: धड व्हायचं नाही. बोटांना तेव्हा खडूची चव होती. आता साठ वर्षांनी, चहाच्या घोटाबरोबर, तीच पिठूळ चव तिच्या जिभेवर आली.

"जिबेक," तिनं हाक मारली. ती कधी दोनदा हाक मारत नसे.

सून आली. एकतीस वर्षांची, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पीठ. नवरा तिकडे मॉस्कोत गाडी चालवतो, वर्षाकाठी एकदा येतो. घर, कारखाना, साइट, परदेशची पत्रं सगळं हिच्या अंगावर. ती दारातच उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाय न टाकता.

"माझं नाव कोणी कापलं?"

"कापलं नाही, आपा. सगळ्या साइटवर अक्षरं एकसारखी केली. आपला माल घेणाऱ्या डेन्मार्कच्या बाईंनी लिहिलं होतं ना, एका पानावर मोठी, दुसऱ्यावर बारीक, वाचणाऱ्याला वाटतं मध्येच कुणीतरी ओरडतंय."

"ओरडत असेल. ज्याचं घर तो ओरडतो."

"त्या पुस्तिका छापणार आहेत. प्रत्येक शिरदाकाखाली ज्या हातानं कापला त्याचं नाव. गुरुवारी तेच विचारायला येतायत. त्यांना दिसलं पाहिजे, आपण नीट काम करतो." जिबेक खाली बघूनच बोलत होती. "मी एक कागद करून भिंतीला लावलाय. माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं. वाक्याचं पहिलं मोठं. हुद्दा, काम, वस्तू, नातं सगळं लहान. कुठलाच शब्द अख्खा मोठा नाही. सगळ्यांना एकच."

"सगळ्यांना एकच," बुरुलकान म्हणाली. "आणि ते करताना माझं नाव घेतलंस."

"नाही, आपा. तोंडानं नाही घेतलं. पूर्वी यांनी लिहून ठेवलेलं होतं. मी फक्त आकार बदलला."

ते खरं होतं. या बाबतीत पोरीत खोट काढायला जागा नव्हती. शहरातल्या सुना आजकाल सासूला नावानं हाक मारतात, सासऱ्याच्या नावानं कुत्रं बोलावतात. पण बुरुलकानच्या घरात नारिनकडची जुनी रीत जशीच्या तशी होती. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही. मेलेल्या सासऱ्याचं नाव तेमीर, म्हणजे लोखंड. म्हणून नऊ वर्षं जिबेक लोखंडाला 'ते कडक' म्हणत आली होती. कडक कढई, कडकाचं दार, औषधाच्या दुकानात रक्त वाढायच्या गोळ्या मागताना 'कडकाच्या गोळ्या'. दुकानदार हसला होता. बुरुलकान नाही हसली. तिला मनातून उबदार वाटलं होतं. एखाद्याच्या तोंडात आपण कुलूप घालू शकतो आणि किल्ली आपल्या कमरेला असते, यासारखं सुख तिला म्हातारपणात दुसरं सापडलं नव्हतं.

ती कारखान्यात गेली तेव्हा बायका त्या कागदापुढेच उभ्या होत्या. कारखाना म्हणजे अंगणापलीकडची लांब खोली, ओल्या लोकरीच्या वासानं कायम जड झालेली. कपड्यांना, केसांना, पावालाही तोच वास. तेरा बायका. त्यातली एक वाचत होती, बाकीच्या ऐकत होत्या, आणि मध्येच कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपा आणि आपण एका उंचीच्या?" हशा पिकला आणि बुरुलकान दिसताच विझला. खिडकीखाली झूरा बसली होती. ती हसलीही नव्हती आणि उठलीही नाही. एकाहत्तर वर्षांची, एका डोळ्यात दुधासारखा पडदा. समोर दोन नमदे एकावर एक घातलेले, वर काळा, खाली लाल; खडूनं, मोजमाप नाही, ठसा नाही, ती मेंढ्याच्या शिंगांचं वळण काढत चालली होती. मग सुरी. एकाच कापात दोन्ही थर. लालाच्या पोटातलं काळ्यात जातं आणि काळ्याच्या पोटातलं लालात. चिंधीसुद्धा वाया जात नाही. चाळीस वर्षं बुरुलकान हे बघत आली होती. तिनं स्वतः सुरी शेवटची कधी धरली, ते आठवायला गेलं की तिला वेगळंच काहीतरी आठवायचं.

फ्रुंझे आठवायचं. राजधानीचं नाव अजून फ्रुंझे होतं, मोठं प्रदर्शन होतं, दोघी नारिनहून ट्रकच्या मागच्या बाजूला शिरदाकावरच बसून आल्या होत्या. बुरुलकान टोळीची मुकादम, झूरा कापणारी. चष्मेवाला साहेब थांबला, वाकला, शिंगाच्या वळणावरून त्यानं अंगठा फिरवला आणि रशियनमध्ये विचारलं, हे कोणाच्या हातचं. त्यानं झूराकडे बघत विचारलं होतं. तिच्या हातांना खडू होता. पण झूराला रशियन म्हणजे पाव आणि मीठ, एवढेच दोन शब्द. बुरुलकाननं दोन हिवाळे छावणीच्या खानावळीत भांडी घासली होती, तिला येत होतं. "माझ्या," ती म्हणाली. एकच शब्द. आणि झूरा साहेबाकडे बघून हसली. कारण साहेब तिच्याकडे बघत होता आणि कुणी बघितलं की हसावं, एवढं तिला कळत होतं. ते हसू. काही न कळलेल्या माणसाचं, स्वच्छ, दात दाखवणारं. "काय विचारलं गं त्यानं?" तिनं मागाहून विचारलं. "कुठल्या गावच्या तुम्ही, म्हणे." "मग सांगितलंस ना, नारिनच्या?" "सांगितलं की." सहा महिन्यांनी लाल पुठ्ठ्याचा कागद आला, वर सोनेरी मोठी अक्षरं, जनतेची उस्ताद, त्याखाली एकच नाव. झूरानं तिला मिठी मारली होती. झूरानंच. त्या मिठीत सुद्धा लोकरीचा वास होता आणि बुरुलकानचा श्वास कोंडला होता, तो अजून पुरता सुटला नव्हता.

"बुरुल," झूरा मान वर न करता म्हणाली. या शहरात तिला अगंतुगं करणारी एवढीच उरली होती. "हा कागद बरा आहे. माझ्या नातीनं फोनवर माझं नाव दाखवलं. पहिलं अक्षर केवढं, मग बाकीची. म्हटलं, मी पण साइटवर आहे. नीट दिसेना, तर चष्मा करायला टाकलाय."

"तुला चष्मा कशाला? तुझे हात बघतात."

"हात स्वतःचं नाव वाचत नाहीत ना गं."

बायका पुन्हा हसल्या. बुरुलकानही हसली, आणि हसता हसताच तिनं ठरवलं. घरी येऊन तिनं जिबेकला संगणकापुढे बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. मागून सुनेची मान दिसत होती, बारीक, रुमालाखाली केसांचे दोन चुकार पुंजके.

"माझं होतं तसं कर. सगळं मोठं."

"मग बाकीच्यांचंही करावं लागेल, आपा. एकीचं मोठं आणि तेराजणींचं लहान, हीच तर चूक त्यांनी दाखवलीय. एकतर सगळ्यांचं, नाहीतर कुणाचंच नाही."

"बाकीच्यांची नावं काढून टाक."

जिबेकचे हात थांबले. "सगळ्यांची?"

"एकच नाव उरलं, की एकसारखं करायला राहतंच काय? तुझा नियम आपोआप पाळला गेला."

"झूरा एजेचं तरी, सगळ्यांत वडील त्या—"

"तिचं आधी."

एकेक नाव निळं व्हायचं आणि नाहीसं व्हायचं. काही आवाज होत नव्हता, आणि तेच बुरुलकानला खटकत होतं. लोकर कापताना निदान सुरीची कुरकुर येते. तेरा वेळा. शेवटी पान रिकामं झालं आणि वर तिचं नाव चढलं, पूर्वीपेक्षा मोठं, दाराच्या चौकटीसारखं. जिबेक ते करताना ओठ घट्ट मिटून होती, जसं काही नाव चुकून आतून बाहेर पडेल. त्या मिटलेल्या ओठांकडे बघता बघता बुरुलकानला दवाखाना आठवला. तिला तो आठवायचा नव्हता. लग्नाचं पहिलं वर्ष, जिबेकचं सहा महिन्यांचं पोट रिकामं झालं होतं, आणि कागद भरणाऱ्या नर्सनं विचारलं, घरातलं मोठं माणूस कोण, नाव सांगा. अर्धवट गुंगीतल्या पोरीनं सांगितलं. स्पष्ट, पूर्ण, बुरुलकानचं नाव. पडद्याच्या अलीकडे बुरुलकान उभी होती. तिनं पोरीला घरी आणलं, पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि मग म्हणाली, "मूल गेलं ते देवाचं. माझं नाव घेतलंस ते तुझं." चाळीस दिवस तिनं सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. त्या दिवसांत पोरीच्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग पडत. दूध आलं होतं, प्यायला कुणी नव्हतं. ती धुऊन वाळत घालायची, पुन्हा पडायचे. बुरुलकान ते डाग बघायची आणि दुसरीकडे बघायची. नंतर मूल झालंच नाही. आणि नंतर पोरीच्या तोंडून ते नाव कधी, झोपेतसुद्धा, निघालं नाही. याला शिस्त म्हणतात, असं बुरुलकान शेजारणींना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी झूरा चष्मा घालून आली. काळी जाड चौकट, तिच्या बारक्या तोंडावर खिडकीसारखी. नातीचा फोन तिनं डोळ्यांपाशी धरला, लांब धरला, खाली केला.

"पुसलं म्हणे," ती बुरुलकानला म्हणाली.

"पाहुण्यांनी सांगितलं, गर्दी नको."

"बरं." झूरानं चष्मा काढला आणि रुमालाच्या टोकानं पुसू लागली, पुसतच राहिली. "आता या चष्म्याचं काय करू? मेंढीला घालू?"

कुणीच हसलं नाही. बुरुलकानला वाटलं, हिनं आता एकदा तरी विचारावं. चाळीस वर्षांत एकदा. शिवी द्यावी, सुरी आपटावी. मग उत्तर देता येईल. उत्तरं तिनं केव्हाची धार लावून ठेवली होती: मी नसते तर तू कुरणावर मेली असतीस, कागद माझा, छप्पर माझं, रशियन माझी. पण झूरा नमद्यावर वाकली आणि शिंगाचं वळण पुढे नेऊ लागली. न विचारलेल्या प्रश्नासारखं दुसरं काही रुतत नाही. तो प्रश्न बुरुलकान रात्रंदिवस स्वतःच स्वतःला विचारायची आणि स्वतःच गप्प बसायची.

गुरुवारी पाहुणे कारखान्यात आले. उंच, पिकल्या केसांची बाई आणि तिच्याबरोबर फोटो काढणारा गडी. बुरुलकाननं मखमली जाकीट घातलं होतं, छातीवर जुना बिल्ला. टेबलावर तळलेल्या बोर्सोकांचा ढीग, साय, जर्दाळूचा मुरंबा, दुधाचा तांब्या. बाई दारातून आली ती सरळ भिंतीवरच्या लाल-काळ्या शिरदाकापाशी गेली, वाकली, आणि शिंगाच्या वळणावरून तिनं अंगठा फिरवला. तोच अंगठा. माणूस दुसरं, देश दुसरा, आणि अंगठा तोच. बाई वळली आणि जिबेकला इंग्रजीत काहीतरी विचारलं. बुरुलकानला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. पण मध्येच तिला स्वतःचं नाव ऐकू आलं, वाकड्या उच्चारात, पण तेच, पुन्हा एकदा, आणि तिनं मान डोलावली. शेवटी प्रश्नाचा सूर वर गेला. कोणाच्या हातचं. कुठल्याही भाषेत तो सूर तिनं ओळखला असता. ती सरळ उभी राहिली आणि बाईकडे बघून हसली.

जिबेकनं एकदा सासूकडे बघितलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ, डोळ्यांत. मग ती बोलली. लांब, सपाट, पाण्यासारखे परके आवाज, आणि त्यात एकच ओळखीचा: झूरा. बुरुलकान हसतच होती. बाई तिच्यासमोरून गेली, जशी माणसं दाराच्या चौकटीतून जातात, आणि खिडकीखाली बसलेल्या म्हातारीचा खडूनं माखलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला. गडी फोटो काढू लागला. कॅमेऱ्याच्या काचेत बोटाएवढी होऊन दिसणारी बुरुलकान अजून दात दाखवत होती, आणि तेव्हा तिला आतून, स्वतःच्या गालांच्या स्नायूंतून, कळलं की ते हसू कोणाचं आहे. ते कुठे पाहिलंय. ते आवरता येत नव्हतं.

"काय सांगितलंस?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"त्यांनी विचारलं, साइटवर एकच नाव आहे, मोठं, ते कारखान्याचं नाव ना? पाटीवर असतं तसं? मग हात कोणाचा आहे? पूर्वी तिथं बायकांची नावं होती म्हणाल्या."

"मग 'आमच्या आपांचा' म्हणायचं होतंस. बोट दाखवायचं होतंस."

"पुस्तिकेत नाव लागतं, आपा. आपा हे नातं आहे, ते बारीक अक्षरात जातं." जिबेकचा आवाज मऊ होता, पांघरूण घालतानासारखा. "आणि तुमचं नाव मला घेता येत नाही. जे घेता येतं, ते घेतलं."

बाईनं वही काढली होती. बुरुलकान दोन पावलं पुढे झाली आणि मान लांब करून बघितलं. लिपी परकी, अक्षरं अनोळखी. पण मोजता तिला येत होतं. एक मोठं, त्यामागे चार लहान. तिच्या नावाची आठ झाली असती. पाच होती. अगदी भिंतीवरच्या कागदात सांगितलंय तशी.

झूरा हात सोडवून न घेता, त्या पिकल्या केसांकडे बघत, तोंडभर हसत होती. चष्मा तिनं घातलेला नव्हता; तो खिडकीत उपडा पडला होता. मग तिनं मान वळवली. "बुरुल, काय म्हणतेय गं ही एवढं? काय लिहितेय?"

खोलीतल्या बाकीच्या बायका थांबल्या. जिबेक थांबली. पाहुण्यांदेखत सासूच्या बोलण्यावर बोलायचं नाही, हीसुद्धा रीतच होती आणि तीही बुरुलकाननंच तिला शिकवलेली. किल्ली अजून कमरेला होती. बुरुलकाननं ती चाचपली.

"विचारतेय, तुला चहात दूध किती लागतं."

"एवढं लिहून घ्यायचं असतं होय ते?" झूरा म्हणाली, आणि पाहुणीचा हात प्रेमानं थोपटला. "भरपूर सांग."

"सांगितलं," बुरुलकान म्हणाली, आणि दुधाचा तांब्या उचलला.